अण्णा रस्त्यात बसले

मल्लेश्वरम, शनिवार

प्रिय अशू,

घाईघाईत लिहितेय, तेव्हा अक्षर कसंही आलं तरी सांभाळून घे. घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. घाई आहे ती आनंदाची! आत्ता थोड्या वेळापूर्वी संपिगे रोडवर जे घडलं, ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. फोनच केला असता, पण अण्णांचं नाव निघालं की तू ‘बरं आई, ठेवते’ म्हणतेस. कागदाला तसं करता येत नाही. वाणी दुपारी तुमच्या हेब्बाळला जाणार आहे, तिच्या हातून हे पाठवते. वाणी कोण ते सांगते, पण आधी तू गेल्यानंतरचं सगळं सांगायला हवं, नाहीतर आजची गंमत तुला कळायची नाही.

तू गेलीस तेव्हा रागीला शिकवायला तो मोहनकुमार नुकताच यायला लागला होता, गळ्यात शिट्टी आणि हातात ती ओढली की आवळणारी साखळी घेऊन. घरात वरचढ कोण हे कुत्र्याला दाखवलंच पाहिजे, हे त्याचं म्हणणं अण्णांना भारीच पटलं होतं. माणूस वाईट नव्हता गं, कुत्र्यांवर जीव होता त्याचा; त्याला शिकवणाऱ्याने तसं शिकवलं होतं. तू रागीला चिकनचा तुकडा देऊन बसायला शिकवायचीस, तर अण्णा म्हणायचे, ‘ही लाच झाली, शिस्त नव्हे.’ आणि त्या रविवारी त्यांनी रागीला अंगणात उताणं दाबून धरलं, तो निपचित पडेपर्यंत. तेव्हा तू म्हणालीस, ‘बारावीनंतर मला जेवणाच्या टेबलापाशी उभं केलं होतंत, मी इंजिनिअरिंगला हो म्हणेपर्यंत. ते हेच होतं, अण्णा.’ बॅग भरलीस आणि निघालीस. नव्या घरी कुत्रा चालणार नाही म्हणून रागी मागे राहिला. जाताना त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाहीस; पाहिलं असतंस तर पाय निघाला नसता, ठाऊक आहे मला.

सुरुवातीला मोहनकुमारची शिकवणी झकास रंगली. शेजारचे सुब्बाराव कॉफीला आले की अण्णा ‘बस’, ‘झोप’, ‘थांब’ सगळं करून दाखवायचे आणि सुब्बाराव ‘भेष! भेष!’ म्हणून मान डोलवायचे. मला मात्र बघवत नसे. रागी दगडासारखा बसायचा, पण शेपटी हलवणं त्याने सोडून दिलं होतं. साखळीकडे हात गेला की तो गुरगुरायचा आणि गुरगुरला की हिसका बसायचा. मग तो गुरगुरेनासा झाला. अण्णा म्हणाले, ‘पाहिलंस, सुधारला.’ आणि एका सकाळी, साखळी घालताना, जराही आवाज न करता त्याने अण्णांच्या उजव्या हाताचा चावा घेतला. टाके घालावे लागले. तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं, म्हणून बोलले नव्हते.

मोहनकुमार म्हणाला, आता काट्यांचा पट्टा घालू, नाहीतर होसकोटेला माझ्या ओळखीच्या जागी ठेवू, तिथे भले भले सरळ होतात. अण्णा हाताचं बँडेज कुरवाळत म्हणाले, ‘सरी, ठीक आहे, होसकोटेला ने.’ आणि अशू, मी उठले! पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर आले आणि म्हटलं, ‘रागी होसकोटेला गेला तर मीही बॅग भरते. एक गेली ती गेली. परत कधी येणार ते मला विचारायचं नाही.’ मोहनकुमार बघतच राहिला. त्या बिचाऱ्याने तोवर माझ्याकडून ‘कॉफी घेणार का’ एवढंच ऐकलं होतं. ‘अम्मा, स्वल्प विचार करा,’ म्हणाला. ‘केला,’ म्हटलं. पोळी पार करपली, पण रागी राहिला.

वाणी ही सुब्बारावांची भाची. जनावरांची डॉक्टर आहे आणि बिथरलेल्या कुत्र्यांना शिकवते. ती आली आणि रागीकडे न बघता, त्याच्याकडे कूस करून व्हरांड्यात नुसती बसून राहिली. मग म्हणाली, ‘गुरगुरणं म्हणजे त्याचं “नको” होतं, सर. त्याबद्दल तुम्ही शिक्षा केलीत, म्हणून त्याने सांगणंच सोडलं. त्याला राज्य नको आहे तुमच्यावर, तो घाबरलाय.’ झालं, अण्णा भडकले. ‘म्हणजे आता घर त्याच्या मर्जीने चालवायचं?’ ती जागची हलली नाही. ‘नियम असू देत की. पण नियम शिकवायला दुखवावं लागत नाही.’ खूप वाजलं दोघांचं. शेवटी अण्णा म्हणाले, ‘बघू या, तुझं चिकन किती दिवस पुरतं ते.’ तिला खोटं पाडायचं म्हणूनच त्यांनी ते सुरू केलं, यात मला शंका नाही.

काम एवढंच, की साखळी खुंटीला टांगायची, व्हरांड्यात पेपर घेऊन बसायचं, खुर्चीपाशी चिकनचा तुकडा टाकायचा आणि बघायचं नाही, बोलवायचं नाही. अण्णांना न बोलवता बसणं किती जड गेलं असेल, तूच विचार कर! आधी अण्णा आत गेल्यावरच रागी तुकडा उचलायचा. मग फाटकापाशी थांबायला लागला, मग तुळशीपाशी. एकदा अण्णा पेपर उलटा धरून बसलेले मी खिडकीतून पाहिले आणि तोंडावर पदर धरून हसले. मध्ये एकदा त्याने चप्पल कुरतडली म्हणून हे जुन्या आवाजात गरजले, तर गडी पुन्हा कॉटखाली. कितीतरी दिवस बाहेर येईना. मला वाटलं, आता हे कंटाळणार. पण दुसऱ्या दिवशी न बोलता पुन्हा खुर्चीत जाऊन बसले.

आता आजचं ऐक. गॅसवाला फाटक उघडं ठेवून आत आला, आणि नेमकी तेव्हाच कोपऱ्यावर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. रागी जो सुटला तो थेट संपिगे रोडला! अण्णा अनवाणी त्याच्या मागे, त्यांच्यामागे मी. शनिवारची गर्दी, आणि हा कान पाडून बरोबर मधोमध, एका बाजूला बस, एका बाजूला रिक्षा. अण्णांनी छाती भरून घेतली. त्यांचं ओरडणं तुला माहीत आहे, सबंध रस्ता थांबला असता आणि रागी कुठच्या कुठे पळाला असता. तोंड उघडलंही होतं त्यांनी. आणि अशू, त्यांनी ते मिटलं. फुलवालीच्या टोपल्यांशेजारी, पांढऱ्या पंच्यानिशी, ते रस्त्याच्या कडेला मांडी घालून खाली बसले! रागीकडे कूस केली आणि हात उताणा जमिनीवर ठेवला. लग्नाच्या पंगतीतसुद्धा खुर्ची मागणारा माणूस हा! काय झालं म्हणून रिक्षावाल्याने विचारलं, ‘एन् आयितु सार्?’ अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं. त्या भल्या माणसाला काय समजलं कोण जाणे, त्याने रिक्षा आडवी घातली आणि मागच्यांना थोपवून धरलं. फुलवालीही ओरडायची थांबली. रागी पोट जमिनीला टेकवत आला, थांबला, बसकडे बघितलं, पुन्हा आला, आणि टाक्यांचा व्रण असलेल्या त्याच हातात त्याने तोंड ठेवलं. अण्णांनी त्याला पकडलं नाही. छाती खाजवत राहिले, मग हळूच ‘चल’ म्हणाले. साखळी नाही, दोरी नाही, आणि तो त्यांच्या पायाला घासून शेपटी हलवत चालत घरी आला! मी तिथेच रडत उभी. फुलवालीने विचारलं कुत्रा कुणाचा, तर मी म्हटलं, ‘नम्म मगळदु.’ आमच्या मुलीचा.

घरी आल्यावर अण्णा पायरीवर बसले. अनवाणी पाय पुसता पुसता म्हणाले, ‘अशू निघाली तेव्हा मी फाटकातून ओरडतच होतो ना? परत ये, आणि परत येऊ नकोस, दोन्ही एकदम.’ तू हेब्बाळला राहतेस एवढंच त्यांना ठाऊक आहे, म्हणून मग त्यांनी तुझा पत्ता विचारला. मी दिला नाही. तो द्यायचा की नाही हे तुझं तू ठरव. त्यावर ते म्हणाले, ‘बरोबर आहे,’ आणि म्हणूनच मी हे पत्र लिहिते आहे. उद्या सकाळी ते रागीला घेऊन हेब्बाळच्या तळ्याच्या फाटकाबाहेर बसणार आहेत; आत कुत्र्यांना सोडत नाहीत म्हणे. तुला फोन करणार नाहीत, घर शोधत येणार नाहीत, मलाही बरोबर नको म्हणालेत. तू आली नाहीस तर त्यापुढच्या रविवारीही जाऊन बसतील. तू यायलाच हवंस असं माझं मुळीच म्हणणं नाही. लांबून बघून परत गेलीस तरी चालेल. फक्त ते तिथे कुणासाठी बसलेत, हे तुला ठाऊक असावं.

रागीच्या केसांनी साडी भरलेली, तुझीच,
आई