कुंकू लावा, येते मी

श्रीगोंदा, कारखान्याची कॉलनी
जानेवारी १९७२

तीर्थरूप आईस,
छबूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

आई, जिंकले बघ! मागच्या चहापानाला मी बोलणं अर्धवट टाकून उठले, तर कॉलनीभर ‘शेवगावची घमेंडी’ ठरले. काल पुन्हा मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर चहापान होतं. साहेबीणबाई माझा हात धरून तासभर लोणच्यांवरच बोलत होत्या. उठावं तर परत घमेंडी! मग कुणाकडून निघताना तू काय करतेस ते आठवलं. कपाळ पुढं केलं नि म्हटलं, “काकू, कुंकू लावा, येते मी.”

बाई लई खूश! फाटकापर्यंत आल्या. मागं अडकलेल्या दोघींनीही लगेच कपाळं पुढं केली.

इथं सगळं छान आहे. दादांचा खोकला थांबला का?

दिवाळीला येईन तेव्हा तू मात्र कुंकवाचा करंडा लवकर काढू नकोस.

तुझी,
छबू