ओपनडोअर सापडत नाही

तीर्थरूप मामा,

कागदावरूनच वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींनी तुम्हाला जिना बंद केलाय असं आई म्हणाली. (त्या बाहेर गेल्या की तुम्ही चढता, हेही म्हणाली.) मी खुशाल आहे, म्हणजे नोकरी अजून आहे.

ती जाता जाता राहिली, त्याचं असं झालं. आमची कंपनी लिफ्ट चालवणारे प्रोग्रॅम लिहिते, आणि एका इस्पितळाच्या नव्या लिफ्टचं काम माझ्या गळ्यात पडलं. दार उघडायचं फंक्शन (एकच काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा) कॉम्प्युटरच्या जुन्या भाषेतलं, नाव 'ओपनडोअर'. बाकीचं मी नव्या भाषेत लिहिलं. दोन्ही जोडायला गेलो तर कॉम्प्युटर म्हणे, ओपनडोअर सापडत नाही. अहो, ढळढळीत समोर आहे! भानगड अशी की नव्या भाषेत एकाच नावाची अनेक फंक्शनं चालतात. म्हणून कंपायलर (आपलं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) नावाआधी अक्षरांचा आकडा लावतो आणि मागे त्या फंक्शनला काय काय पुरवायचं त्याच्या खुणा चिकटवतो. (आपल्याकडे दोन बाळू, म्हणून एक 'चष्म्याचा बाळू', तसंच.) जुन्या भाषेत असली सजावट नाही. त्यामुळे माझा प्रोग्रॅम सजवलेलं नाव शोधत होता आणि फंक्शन साध्या नावाने बसलं होतं.

मी अक्कल पाजळली. जुन्या फंक्शनचं नाव खोडून तिथे ते सजवलेलं शेपूटवालं नाव हाताने लिहिलं. जुळलं! शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, "हे फक्त तुझ्या कॉम्प्युटरवर चालेल हं." पण मी तेव्हा जमिनीवर होतो कुठे?

इस्पितळातल्या यंत्राला कंपायलर दुसरा, आणि त्याची खुणा चिकटवायची तऱ्हाही दुसरी. पुन्हा 'सापडत नाही'! बंद दारासमोर मोठे डॉक्टर, त्यांच्या मागे आमचे साहेब. साहेबांनी मला बाजूला घेऊन अगदी मायेने विचारलं, "दुसरीकडे कुठे अर्ज केलायस का?"

तेवढ्यात आमच्याबरोबर आलेली ती सहकारी पुढे झाली. जुनं नाव परत लिहिलं आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली : हे फंक्शन जुन्या भाषेतलं, याच्या नावाला हात लावू नकोस. दार उघडलं. टाळ्या साहेबांनी घेतल्या.

"विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं," ती म्हणाली.

"मग आता एक विचारू?" मी म्हटलं.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता.क. ती 'हो' म्हणाली. आईला तुम्हीच सांगा. तुमचं ती ऐकते, निदान ऐकून तरी घेते.

आणखी एक ता.क. लग्नानंतर ती नाव बदलणार नाही. हे आईचं जेवण झाल्यावर काढा. (आधी मामांना पुढे करायचं, ही युक्तीही तिचीच.)