व्याह्यांनी कोंबडी खाल्ली

मामंजी,

तुम्ही मला खोटं सांगत आलात. "व्याह्यांपुढे कोंबडी ठेवली तर घराची अब्रू जाईल," म्हणालात, आणि कुरणावरून उतरल्यावर माझं खुराडं मोडणार अशी धमकीही दिलीत.

काल वन्संच्या सासरची मंडळी न कळवता आली. मेंढ्या सगळ्या तुमच्याबरोबर डोंगरावर. सासूबाई रडकुंडीला आल्या. मी माझ्या ब्रॉयलर कोंबड्यांमधल्या जाडजूड बघून धरल्या आणि शेजारच्या सोरोनबायकाकांनी बिस्मिल्ला म्हणून कापल्या. मेंढीचं कुठलं हाड कोणाच्या मानाचं ते वाडवडिलांनी ठरवलंय. कोंबडीचं कोण ठरवणार? मी ठरवलं. थोरल्या व्याह्यांच्या ताटात अख्खी तंगडी ठेवली.

हाड चोखून ते म्हणाले, "सूनबाई, तुझ्या सासऱ्याची म्हातारी मेंढी चावता चावता माझे दात गेले. हे आधी का नाही वाढलंस?" मग दोन्ही हात उचलून त्यांनी माझ्या खुराड्याला दुवा दिली. परातीत नुसती हाडं उरली!

आता खुराडं कसं बांधायचं ते मी दाखवावं म्हणून व्याही मला त्यांच्या गावी नेतायत. तुम्ही आज डोंगरावरून उतराल तेव्हा मी घरी नसेन. माझ्या कोंबड्यांना भर दुपारी दाणा घालू नका, भरल्या पोटी त्या उन्हाने मरतात. पाणी गार ठेवा. चुलीवर रस्सा आहे, खुशाल प्या. कोंबडीचाच आहे.

संध्याकाळी येते. खुराडं राहणार की मोडणार? सासूबाईंसमोर, मोठ्याने सांगा.

बुरुल