भडंगातले बेदाणे

आई, परवा मी तासगावला जाऊन आले. घरी जाऊन आले असं लिहिणार होते, पण तुला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तेव्हापासून मी त्याला दादाचं घर म्हणते. मनातल्या मनात तर वहिनीचंच घर म्हणते. जायचं काही ठरलेलं नव्हतं. तुझी सून बेदाण्याच्या शेडवर पाय घसरून पडली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. दादानं मिरजेला नेऊन प्लास्टर घालून आणलं. तिसऱ्या दिवशी तिचा फोन. "वन्सं, रविवारी जाळ्या झाडायच्या हायेत. बायकास्नी भडंग लागतंय, आन् माझा हात असा. तुमीच या." मी म्हटलं, सांगलीत गल्लोगल्ली भडंग मिळतं, दादाला सांग आणायला. तर म्हणाली, "इकतचं त्या तोंडात धरायच्या न्हाईत. आन् त्यात बेदाणा कुठं असतोय?" ते मात्र खरं. भडंगात बेदाणे घालणारी माझ्या बघण्यात तू एकटीच. माझ्या सासूनं पहिल्यांदा खाल्लं तेव्हा एकेक बेदाणा वेचून बशीच्या कडेला लावून ठेवला होता. ते काही मी तुला कधी सांगितलं नाही.

फोन ठेवल्यावर मला वहिनीची कीव यायला हवी होती. आली नाही. पहिल्यांदा मनात आलं ते हे, की अखेर त्या पातेल्याला माझा हात लागणार, आणि त्यासाठी तिचा हात मोडावा लागला.

तुला ते दिवस आठवत असतील तसे मला आठवत नाहीत. तू मधोमध बसलेली असायचीस आणि मी कडेला. फेब्रुवारी-मार्चात द्राक्षं काढून, औषधाच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरायची, पंधरा-वीस दिवसांत त्यांचा बेदाणा व्हायचा, आणि मग जाळ्या झाडायचा दिवस यायचा. वरच्या जाळीपासून हिसके देत देत बेदाणा खाली पाडायचा. बायकांच्या केसांत काड्या, पदरात काड्या. दुपारी चारला काम थांबायचं आणि तू घरून आणलेलं पातेलं शेडच्या सावलीत, अण्णांच्या धुतलेल्या जुन्या धोतरावर पालथं करायचीस. उन्हात कुरकुरीत केलेले चिरमुरे, शेंगदाणे, तेलात लालसर झालेला ठेचलेला लसूण, कढीपत्ता, तिखट, मीठ, पिठीसाखर. एवढं सगळ्यांच्याच घरी असतं. आपल्याकडे ते धोतरावर पार गार झालं की त्या दिवशी झाडलेला बेदाणा दोन ओंजळी वरून घालायचा आणि तूच हातानं कालवायचं. वाढायचंही तूच. बेदाणा जड, तो ढिगाच्या तळाला जाऊन बसतो. वाढणारीचा हात वरवर गेला तर नुसते चिरमुरे येतात, खोल गेला तर बेदाणे येतात. हे मला सातव्या-आठव्या वर्षीच कळलं होतं. तेव्हापासून तुझा हात कुणासाठी किती खोल जातो तेवढंच मी बघत आले. कामावरच्या बायकांसाठी खोल जायचा. दादासाठी कोपरापर्यंत जायचा. माझ्या वाट्याला एकदा अकरा बेदाणे आले होते आणि शेजारच्या बाईच्या पदरात मी एकोणीस मोजले होते. आता बावन्नाव्या वर्षी हे लिहिताना मला हसू यायला हवं.

सोळा वर्षांची होते मी. तू सकाळपासून शेडवर गुंतलेली. मी स्वयंपाकघरात एकटी, आणि तुझा निरोप आला, भडंग तेवढं परतून घे, मी येते. मला वाटलं, आज आईला सगळं तयार मिळू दे. टोपलीत आदल्या दिवशीचा, जाळीवरून नुकताच उतरलेला बेदाणा होता, हाताला अजून चिकट लागणारा. मी तो गरम पातेल्यातच टाकला आणि झाकण ठेवलं. तू आलीस, पातेलं उचललंस आणि शेडवर गेलीस. धोतरावर पालथं केलंस तर चिरमुरे मऊ, वातड, आणि बेदाण्यांचे तिखटात माखलेले गोळे. पंचवीस बायका बसलेल्या. तू मान वर करून म्हणालीस, "बेदाण्याच्या घरात जल्मली आन् बेदाणा कवा टाकायचा ते कळंना. तुला जमायचं न्हाई ह्ये. ऊठ, लांब बस जा." मी उठले आणि लांब बसले. कुणी तरी म्हणालं, जाऊ दे वं, पोर हाय. त्यानंतर सहा वर्षं मी त्या घरात होते, पण भडंगाच्या दिवशी तू मला एकदाही चुलीपाशी बोलावलं नाहीस. लसूण सोलायला बोलावलंस. सोललेला लसूण तू हातातून घ्यायचीस आणि मला बाहेर जायला सांगायचीस.

एवढंच असतं तर मी ते विसरलेही असते. आया रागावतात. पण मी वीस वर्षांची असताना वहिनी आली, फलटणकडची, उसाच्या रानातली. तिला बेदाणा वाण्याच्या पुडीतला माहीत. पहिल्याच हंगामात तू तिला चुलीपाशी बसवलंस, आणि तिनं अगदी तेच केलं. गरम पातेल्यात ओला बेदाणा, वर झाकण. मी दारात उभी होते. मला दिसत होतं ती काय करते आहे. मी तिला थांबवलं नाही. मला बघायचं होतं तू तिला काय म्हणतेस. धोतरावर तो लगदा पडला, ती घाबरून पदर तोंडाशी धरून उभी राहिली, आणि आई, तू हसलीस. पोट धरून हसलीस. "ऊसवाल्याची लेक गं माझी, तुला काय म्हाईत बेदाण्याचं. बस इथं, दावती." आणि तिला आपल्या शेजारी धोतराच्या काठावर ओढून बसवलंस. चूक तीच, पातेलं तेच, मधे चार वर्षं. तेवढ्या हसण्याचा मला आजवर जेवढा मत्सर वाटला तेवढा कुणाच्या दागिन्यांचा, कुणाच्या संसाराचा वाटला नाही. पुढं माझं लग्न झालं, मी साताऱ्याला आले, शाळेत नोकरी लागली, मुलं झाली. सगळं बरं चाललं होतं. पण मार्च आला की मला दिसायचं, की तिकडे आत्ता ती तुझ्या शेजारी बसलेली असेल आणि तुझा हात तिच्यासाठी तळापर्यंत जात असेल.

दरवर्षी डबा मात्र यायचा. तू होतीस तोवर तू दादाबरोबर पाठवायचीस, तुझ्यानंतर वहिनी एसटीतून पाठवू लागली. आमचा इथं चौघीपाचजणींचा गट आहे, रविवारी सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढतो. वर तटाजवळ बसून जिनं जे आणलं असेल ते खायचं. मार्चात माझा डबा उघडला की सगळ्यांचे हात तिकडेच. पहिल्या वर्षी एकीनं विचारलं, तू केलंस? मी हो म्हणाले. इतकं सहज म्हणाले की मलाच खरं वाटलं. मग दरवर्षी तेच. कुणी कृती विचारली की मी म्हणायचे, हाताचा अंदाज असतो, आईनं शिकवलं. त्यातली एक दोनदा करून बघून आली, तिचं बिघडलं, आणि ती मला म्हणाली, हे आईच्या हाताखाली वाढल्याशिवाय येत नाही. मी मान डोलावली. खाली उतरताना माझ्या तोंडाला चव नव्हती.

तर परवा मी गेले. वहिनी पडवीत खुर्चीवर, हात गळ्यात बांधलेला. थोडी वाळली आहे. तिनं पडवीतच शेगडी मांडून सगळं काढून ठेवलं होतं, चिरमुरे गच्चीवर उन्हात, लसूण एका हातानं ठेचलेला. मला वाटलं ती आता मला शिकवायला बसणार, आणि मी दात आवळून तयारीत होते. पण ती बोलेचना. नुसती बघत बसली. मी तेल तापवलं, लसूण टाकला. शेवटी मीच चिडून म्हणाले, "काही चुकत असेल तर सांग की." तर म्हणाली, "मी काय सांगू तुमास्नी? मीच बघून घेतीया. आत्या असत्या तर आज लय खूश झाल्या असत्या. जल्मभर मला म्हणायच्या, तू करतीस ते बरं असतंय, पर माझ्या पोरीचा हात न्हाई तुला. माझी पोर करायची तसं भडंग परत व्हायचं न्हाई ह्या घरात." मी झारा हातात घेऊन उभी राहिले. ती पुढं म्हणाली, "वाईट वाटायचं हो मला. इतकी वर्सं केलं, एकदा म्हटलं न्हाई त्यांनी की पोरीसारखं झालं. लय राग यायचा तुमचा. आता म्हातारी झाले म्हणून सांगते."

आई, तू हे का केलंस? मी कधी भडंग केलंच नव्हतं. एकदा केलं आणि तू मला पंचवीस बायकांत उठवून लावलंस. तुला माझी आठवण येत होती म्हणून असं म्हणायचीस, की सून डोक्यावर चढू नये म्हणून? का गेलेल्या माणसाचं सगळं चांगलंच वाटतं, तसं सासरी गेलेल्या मुलीचं वाटत होतं तुला? मी तुला चांगली ओळखते असं मला वाटायचं. आता काही सांगता येत नाही. मला एवढंच कळलं की मी तिकडे साताऱ्यात बसून तिच्यावर जळत होते आणि ती त्याच चुलीपाशी बसून माझ्यावर जळत होती, आणि दोघींच्या मधे तू बसून कालवत होतीस. खरं सांगायची वेळ तीच होती. वहिनी, तिनं तुला खोटं सांगितलं, मला यातलं काही येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. दोन वाक्यं. मी म्हणाले, "साखरेचा डबा दे."

करता येत नव्हतं, पण चव तोंडात होती. लहानपणापासून मी फक्त खाल्लं होतं, आणि मोजून मोजून खाल्लं होतं. मीठ जमलं. तिखट जमलं. पिठीसाखर एक वाटी घातली, खाऊन बघितली, नाही. अजून थोडी, नाही. दीड वाटी झाली तेव्हा जिभेला एकदम तू लागलीस. वहिनी तेवढ्यात चहा ठेवायला आत गेली होती. शेडवर पातेलं नेलं, धोतर पसरलं, अण्णांचं ते कधीच फाटलं, आता दादाचं असतं. गार होईपर्यंत थांबले. बेदाणा घातला, कालवला. बायका नव्या आहेत, तुझ्या वेळची एकच उरली आहे, दात नाहीत तिला. तिनं चिमूटभर तोंडात घोळवलं आणि म्हणाली, "ह्यो म्हातारीचा हात." बाकीच्या कुणाला कळलं नाही. वहिनीला कळलं. तिनं डाव्या हातानं घास घेतला, खाल्ला, आणि तिचे डोळे भरून आले. आपल्याला कधीच जमलं नाही ते असं असतं होय, असं काहीतरी तिच्या तोंडावर होतं. ते तोंड मी ओळखलं. आरशात बघितलं आहे मी ते.

निघताना ती फाटकापर्यंत आली. दादा गाडी काढत होता. मला म्हणाली, "वन्सं, एक इचारू? साखर किती घातली तुमी? माझी हितंच चुकत असनार. पुढच्या वर्सी माझ्या हातनं तसं झालं तर बरं वाटंल. आत्या न्हाईत आता म्हणायला, पर मला मलाच वाटंल." इतकी वर्षं जिनं माझे डबे भरले, तुझं दुखणं काढलं, शेवटी मिरजेला तुझ्या उशाशी जी बसली, ती बाई गळ्यात मोडका हात बांधून मला साखर विचारत होती.

हे पत्र तुला पाठवायचं तर पत्ता तोच घालावा लागेल, आणि त्या घरी आलेली पत्रं वहिनी उघडते. म्हणून हे इथंच माझ्या कपाटात राहील. तिला मी एक वाटी सांगितली.