वाढदिवसाला सोबत कोणाला न्यायचं

आई, तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधी सांगून टाकते. तुला जाऊन बारा वर्षं झाली, मी चाळिशी ओलांडली, आणि भांडण मात्र तेच, पाचवीतलं. आपल्या गावी, खाप्याच्या शाळेत वाढदिवसाला रंगीत फ्रॉक घालून वर्गावर्गात गोळ्या वाटायला जायचो. सोबत एकच मैत्रीण न्यायची, तेवढीच परवानगी. आपण जिला नेलं ती तिच्या वाढदिवसाला आपल्याला नेणार, हे न बोलता ठरलेलं असायचं. आणि तू पोळ्या लाटता लाटता म्हणालीस, "जिले कोणीच नेत नाही ना वं, तिले ने." मी नेलं. मग दिवाळीपर्यंत एकाही मुलीनं मला डबा खायला जवळ बसू दिलं नाही. रडत तुला सांगितलं, तर तू म्हणतेस, "मंग? तुह्यं काय झिजलं त्याच्यात?" झिजलं ना, आई! तुला कळतच नव्हतं.

आता आम्ही शहरात, बेसाला राहतो आणि तुझी नात पाचवीत आहे. तुझ्यावरच गेली आहे कार्टी. दुसऱ्यांचे तक्ते रंगवून देते, नव्याकोऱ्या पेन्सिली देऊन मोकळी होते, आणि वाढदिवसाला तिला कोणी म्हणजे कोणी सोबत नेत नाही. चार वर्षं झाली. यंदा तिच्याच वाढदिवसाच्या आदल्या दिवशी म्हणते, वर्गात एक नवीन मुलगी आली आहे, तिच्याशी कोणी बोलत नाही, तिला नेणार. माझं डोकंच फिरलं. "काहून? तुले जन्मभर मागच्याच बाकावर बसायचं आहे काय?" म्हटलं, सगळा वर्ग जिच्या मागे फिरतो तिला ने. पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे, ती तुला नेईल. पोरीनं चॉकलेटं एक एक करून डब्यात भरली, मग "बरं" म्हणाली. मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू!

लेकीनं तिलाच नेलं, तर त्या बाईसाहेबांनी चॉकलेटचा डबा स्वतःच्याच हातात धरला म्हणे, आणि प्रत्येक वर्गात त्याच पुढे. पुढच्या महिन्यात स्वतःच्या वाढदिवसाला नेलं भलतीलाच. मी पालक निवडता निवडता त्या पोरीच्या नावानं बोटं मोडत होते, तेव्हा तुझी नात म्हणाली, "आई, मी त्या नवीन मुलीला आधीच सांगून ठेवलं होतं. ती त्या दिवशी नव्या रिबिनी बांधून आली होती. मी वाटायला उठले तर तीपण उठली."

"मग मले सांगितलं काहून नाही?" मी ओरडलेच. तर म्हणते, "तू ऐकून कुठं राहिली होती?" आता चिडायचं कोणावर, तूच सांग. तुझ्यावर चिडून झालं, त्या पोरीवर चिडून झालं.

हे पत्र कुठे टाकणार, वहीतच राहील. म्हणून एक सांगते. वाढदिवसाच्या दिवशी मॅडमनी लेकीचा आणि त्या बाईसाहेबांचा फोटो पाठवला होता, तो मी लगेच डीपीला लावला. लेक दोनदा म्हणाली, "काढ ना वं आई." काढते म्हटलं. पण त्या बाईसाहेबांच्या आईनं तो पाहून मला मेसेज केला होता, "किती गोड!" एरवी ती गेटवर माझ्याकडे बघतसुद्धा नाही. फोटो अजून तिथंच आहे.