जसोंडीचे विल्सन

अप्पा, मागच्या महिन्यात सासूबाईंच्या अस्थी घेऊन आम्ही दोघं नाशिकला गेलो होतो. तिथल्या गुरुजींकडे आपल्या मुलखातल्या घराण्यांच्या जुन्या वह्या आहेत. जो येतो तो आपल्या हातानं नाव-गाव लिहून खाली सही करतो. यांचं आटोपल्यावर मी हळूच विचारलं, जसोंडीचे विल्सन सापडतील का. गुरुजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. लोक असंच पाहतात, तुम्हाला ठाऊकच आहे. दारात तुळस, शेतात केळी आणि आडनाव साहेबाचं.

शहरात शनवारा भागातल्या शाळेत पोरी मला मेमसाब म्हणायच्या. एकदा मी रडत घरी येते, तुम्ही चुलीपाशी भाकरी खाताय. हे नाव आपल्याला दिलं कोणी, मी विचारते. एरवी तुम्ही कधी रेल्वेच्या साहेबाचं नाव घ्यायचात, कधी मिलच्या. त्या दिवशी मात्र खेकसलात, "तुला काय करनं त्याचं? चुपचाप जेव." मी ताट सरकवून उठले. आठवड्यानं तुम्ही केळीच्या ट्रकबरोबर नाशिकला जाऊन आलात आणि माझ्यासाठी द्राक्षांची पेटी आणलीत. मला वाटलं, समजूत काढताय.

लग्नात मी मैत्रिणींना हसत म्हणाले, "चला, सुटले एकदाची त्या विल्सनमधून." तुम्ही मागेच उभे होता. मांडवातल्या खुर्च्या सरळ करत राहिलात. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. मी एकुलती एक; तुम्ही गेलात आणि ते आडनाव लावणारं कोणी उरलं नाही. आता मला कोणी मेमसाब म्हणत नाही, आणि खरं सांगू, त्याचीही आठवण येते.

गुरुजींनी वही उघडली. पणजोबांचं नुसतं नाव, गाव आणि अंगठा. आजोबांच्या सहीत एकदम विल्सन. का, कुठून, एक अक्षर नाही. आणि त्याखाली, द्राक्षं आणलीत त्याच वर्षी लिहिलेलं, तुमचं ते वर चढत जाणारं अक्षर: 'आडनावाचं मूळ समजलं नाही. मुलगी विचारते. कोणास ठाऊक असल्यास कळवावे.' त्या ओळीवर बोट ठेवून मी ती पुन्हा वाचली.

मग गुरुजींनी मलाही सही करायला सांगितली. हे शेजारीच होते. परीक्षेत पोरी धरतात तसा मी वहीवर हात आडवा धरला आणि तीस वर्षांनी विल्सन लिहिलं. यांना अजून सांगितलेलं नाही. हे पत्रही पिठाच्या डब्यामागे लपूनच राहील.