तिकडे डिझेलच्या गाड्या किती?

३ मार्च

चि. ठकीस, अ. आ.

फोन करा म्हणतेस, पण चाळीस वर्षं डिझेल इंजिनांत डोकं घातल्यावर कान कसले राहतायत! मागच्या फोनवर तू काय बोललीस ते अजून कळलेलं नाही, मी आपला हो हो म्हणालो.

तुझी आई गेल्यापासून घरात भांडं पडलं तरी पत्ता लागत नाही. गॅरेजात बरं वाटतं. बॉनेटवर हात ठेवला की डिझेलची धडधड हातात येते, काय बिघडलंय ते कळतं. पेट्रोलची गाडी मात्र मला मुकीच.

कायमचं तिकडे परदेशात राहायला या म्हणतेस. येतो, गॅरेज विकतो. फक्त एक सांग, तिकडे डिझेलच्या गाड्या किती? नीट बघून कळव.

लोभ असू दे, आणि कानाला मफलरही.

बाबा

२० मार्च

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

तुमच्यापायी शनिवारी दोन तास पंपावर उभी होते. लोकांना वाटलं असेल, बाई कामातून गेली! तेहतीस गाड्या आल्या, सगळ्या पेट्रोलच्या. ऑफिसातल्या एका जाणत्याला विचारलं. तो म्हणाला, जिथे सरकार डिझेलवर कर कमी लावतं, तिथे लांब पल्ल्याची माणसं डिझेल घेतात. इथे पेट्रोलच स्वस्त, आणि धुराचे नियम एवढे कडक की कंपन्या छोट्या डिझेल गाड्या आणतच नाहीत. पूर्वी आणल्या होत्या, त्या थंडीत अडायच्या. लोकांच्या मनातून उतरल्या त्या उतरल्याच.

दिलं की नाही नीट उत्तर? खोली रंगवून ठेवली आहे. कधी येताय?

तुमची, वाट बघणारी
ठकी

६ एप्रिल

चि. ठकीस, अ. आ.

उत्तर झकास. गॅरेज विकत नाही. रागावू नकोस गं, पण तू कामाला गेलीस की मी दिवसभर खिडकीत बसून मुक्या गाड्या मोजू का? इथे निदान कोणी गाडी घेऊन येतं, मी हात ठेवतो. जेवायला एकटाच असतो, पण सवय झाली आहे. खोटं कशाला बोलू, झालेली नाही.

आहे तेवढी माया राहू दे.

बाबा

२ मे

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

मी मूर्ख आहे. तुमचं पत्र तीनदा वाचलं तेव्हा कळलं, तुम्ही गाड्यांचं विचारतच नव्हता.

परवा एक जुनी डिझेल गाडी घेतली. विकणाऱ्याने दोनदा विचारलं, नक्की ना? सकाळी चालू होता होत नाही, झाली की काळा धूर, आणि शेजारीण खिडकी आपटते. इथला एकही मेकॅनिक हात लावायला तयार नाही. काल चालू झाली तेव्हा बॉनेटवर हात ठेवून बघितला. मला काही कळलं नाही, पण हात काढवेना. बाबा, घरी आल्यावर मीही कुणाशीच बोलत नाही.

या ना.

ठकी

१३ मे

चि. ठकीस, अ. आ.

काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय. सकाळी अडते म्हणजे इंजिन तापवणारे हीटर प्लगही गेलेले दिसतात. कुणालाही हात लावू देऊ नकोस, पाने-पकडी घेऊन मी येतो. पासपोर्टला दोन महिने लागतील म्हणतात.

तोवर रोज सकाळी आठला ती चालू कर आणि हात ठेव. तेव्हा इथे संध्याकाळ असते. मीही गॅरेजातली एखादी चालू करून हात ठेवून उभा राहीन.

बाबा